कच्चं

ओसाकाहून परतल्याच्या चौथ्या दिवशी, बुधवारी,
सिटीलाइटच्या मासळीबाजारात गेले मी,
पिशवीत जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी.

"कवा आलीस गो टिपणीसबाय?" चांगुणा म्हणाली,
"पंधरा दिवस तोंड नाय दाखवलंस.
काय काय खाल्लंस तिकडं?"

काय काय सांगू.
आठ पायांच्या माकुलाचे तुकडे घातलेले गोळे,
आप्पेच म्हण, फक्त पात्र बाजेएवढं.
पहिल्यानं जीभ भाजते,
आणि आपण दुसरा उचललेला असतो.
कोबीचं थालीपीठ, त्यावर सुक्या माशाचा कीस,
वाफेनं असा वळवळणारा
की मी आधी हातच मागे घेतला.
आणि कुपा, चांगुणा,
इथे ज्याला आपण नाक मुरडतो तो कुपा,
कच्चा, डाळिंबाच्या रंगाचा,
भाताच्या मुटक्यावर निजवलेला.

त्या शहराची एक म्हण आहे, म्हटलं,
खाऊन खाऊन दिवाळं काढावं.
"भाव काय?"
भाव पाटीवर लिहिलेला. घासाघीस नाही.
"मंग बोलतात काय एकमेकांशी?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

एका संध्याकाळी बाहुल्यांचा खेळ पाहिला, तेही सांगितलं.
एका बाहुलीला तीन माणसं.
दोघं काळ्या बुरख्यात, तिसऱ्याचा चेहरा उघडा
आणि त्यावर काहीच नाही, धुतलेल्या ताटासारखा.
रडत होती ती बाहुली.
शेजारची म्हातारी रुमाल काढून रडत होती.
मी शब्द न कळता रडले,
मग खाली जाऊन शेवयांचं कढण प्यायले.

चांगुणा हे ऐकत होती की नाही कोण जाणे.
ती सुरीकडे बघत होती.

पात्यावर दुकानदारानं माझं नाव कोरून दिलंय:
ति, पु, नि, सु.
टिपणीसांच्या सात पिढ्यांत कोणी
इतकं हळू उच्चारलं नसेल ते.

तिनं अंगठ्याच्या नखावर धार पाहिली.
"एकाच बाजूला घासलीय," म्हणाली, "शानी हाय."
कोयता बाजूला सारला,
नुकत्याच आलेल्या सुरमईच्या पाठीत सुरी घातली,
आणि एका ओढीत, ढकलणं नाही, दाबणं नाही,
अशी चकती काढली
की तिच्यातून बाजारातला पिवळा दिवा दिसला.
कोणी शिकवलं तिला?
मला वाटलं, तिच्या मागे काळ्या बुरख्यात
सासू उभी आहे, आणि सासूची सासू,
एकीच्या हातात मनगट, एकीच्या हातात कोपर.

चकती तिनं माझ्या तळहातावर ठेवली.
"खा."
मी हसले.
"खा की. तिकडं खाल्लीस ना?"

तिकडे खाल्ली.
ज्याचं नाव ठाऊक नाही, ज्याची भाषा येत नाही,
त्या माणसाच्या हातून, डोळे मिटून,
दोन वेळा मागून घेऊन.
आणि इथे बावीस वर्षं जिच्याकडून मासे घेते,
जिनं माझ्या बाळंतपणात मुडदुशा घरपोच केल्या,
तिच्या हातची ही चकती
माझ्या तळहातावर गार पडून,
आणि माझ्या डोक्यात बर्फ कुठला, पाणी कुठलं,
पाटावरची ती माशी.

चांगुणानं एवढंसं पाहिलं.
रागावली नाही. तेच जास्त लागलं.
चकती उचलून खाली बसलेल्या बोक्याला टाकली.
त्यानं हुंगली सुद्धा नाही, गिळली.

मी सुरमईचे पैसे मोजले, मागितले तेवढे,
तोंडातून शब्द न काढता.
तिनं नोटा हातात धरून ठेवल्या,
कमरेच्या चंचीत टाकल्या नाहीत.
"बोल ना कायतरी," म्हणाली,
"तिकडचीच झालीस काय?"

मग मी म्हटलं,
"शंभर जास्त लावलेस, चांगुणा."